सुजलेला पाय

"मॅडम, फॅक्टर सहा कुठे गेला?"

पॅथॉलॉजी शिकवायला लागून मला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. रक्त गोठण्याचा, म्हणजे ते गोठवणाऱ्या घटकांचा (फॅक्टरांचा), तो तक्ता मी दरवर्षी फळ्यावर काढत आले होते. डावीकडून एक वाट, उजवीकडून दुसरी, दोन्ही दहाव्या फॅक्टरपाशी एकत्र येतात, तिथून थ्रॉम्बिन हे प्रथिन आणि शेवटी फायब्रिन या धाग्यांसारख्या प्रथिनाची जाळी. रोमन आकडे एक ते तेरा. त्यात सहा नाही. दरवर्षी दीडशे मुलं तो तक्ता रंगीत पेनांनी उतरवून घेत, परीक्षेत जसाच्या तसा काढत, आणि मी मार्क देत असे. चौदा वर्षांत एकानेही हात वर करून विचारलं नव्हतं की पाचानंतर एकदम सात कसा येतो.

पहिल्यांदा खुर्च्या गोल मांडून लहान गटाला शिकवायला बसले, त्या दिवशी दहाव्या मिनिटाला शहाद्याच्या एका मुलीने हे विचारलं. उत्तर एका वाक्याचं आहे. ज्याला सहावा फॅक्टर म्हटलं होतं तो पाचव्याचंच सक्रिय झालेलं रूप निघाला, म्हणून तो क्रमांक रद्द झाला आणि पुन्हा कुणाला दिला नाही. मी उत्तर दिलं, मुलीने लिहून घेतलं, चर्चा पुढे सरकली. मी मात्र घरी जाईपर्यंत त्या प्रश्नातच अडकून राहिले होते. इतक्या वर्षांत तक्ता सगळ्यांनी उतरवला होता आणि वाचला कुणीच नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

मी धुळ्यात शिकवते. माझ्यासमोर बसणारी निम्मी मुलं तरी धुळे, जळगाव, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली असतात. बरीचशी मराठी शाळेतून आलेली, घरी अहिराणी बोलणारी. दीडशेच्या वर्गात अशा मुलाने मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत मी दोन स्लाइड पुढे गेलेली असते. मी स्वतः साक्री तालुक्यातल्या गावातून निघून अशाच एका वर्गात गप्प बसलेली मुलगी. तरी शिकवताना मला हे दिसलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

2019 साली एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि लहान गटांत शिकवणं वेळापत्रकातच आलं. आमच्यातल्या अनेकांना ते ओझं वाटलं. शिक्षक कमी, खोल्या कमी, तास तेवढेच. माझे पहिले काही तास फसले. एक चुणचुणीत मुलगा बोलायचा, दोघं-तिघं माना डोलवायचे, बाकीचे मोबाइलवर त्याच विषयाची चित्रं शोधायचे. नाव गटाचं, पण खरं तर ते एका मुलाचं लेक्चरच होतं.

मार्ग सापडला तो अमेरिकेतल्या शाळांसाठी शोधलेल्या एका पद्धतीत. 1971 साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली होती आणि वर्गात सतत तणाव असायचा. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. धडा पुरा करायचा तर प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकणं भाग पडलं. ज्याला तोवर कुणी विचारत नव्हतं, त्याच्याकडेही आता सगळ्यांना लागणारी एक गोष्ट होती. त्या पद्धतीला जिगसॉ म्हणतात.

आमच्याकडे मी ती अशी लावली. प्रॅक्टिकलची चोवीस जणांची तुकडी, सहा-सहाचे चार गट. प्रत्येक गटात सहा चिठ्ठ्या: रक्तवाहिनीचं अस्तर, पांढऱ्या पेशी, पेशींमधले रासायनिक निरोप, प्लेटलेट, गोठण्याचे फॅक्टर, आणि गुठळी विरघळवणारी यंत्रणा. सारखी चिठ्ठी आलेले चौघं आधी एकत्र बसून आपला तुकडा पक्का करतात, मग आपापल्या गटात परत जाऊन शिकवतात. भाषेची अट नाही. पुस्तकातले शब्द इंग्रजीच राहतात, ते परीक्षेला लागतात. समजावणं मात्र ज्याचं त्याने आपल्या बोलीत करावं. ही सूट दिली त्या दिवसापासून खोलीतला आवाज बदलला.

पुस्तकात दाह, म्हणजे इजेला किंवा जंतूंना शरीर देतं ती प्रतिक्रिया (इन्फ्लमेशन), आणि रक्त गोठणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. दाह आधी येतो, गुठळी नंतर, मध्ये एक परीक्षासुद्धा होऊन जाते. मी ती एकाच खेळात का घातली याचं कारण पुढे सांगते. ते माझ्या घरातलं आहे.

दाहाची सुरुवात मी पुस्तकापासून करत नाही. आधी मुलांना वॉर्डात नेते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात शिंदखेड्याकडचे एक म्हातारे बाबा भरती होते. कपाशी निंदताना बाभळीचा काटा पायात मोडला होता. चार दिवस त्यांनी हळद बांधून काढले, पाचव्या दिवशी पाय घोट्यापासून नडगीपर्यंत फुगला. मी मुलांना म्हटलं, तपासू नका, फक्त विचारा आणि ऐका. शिरपूरच्या मुलाने अहिराणीत विचारलं, "बाबा, काय व्हयनं?"

बाबांनी पायाकडे बघत एकेक सांगितलं. "लाल व्हई गया. सुजी गया. आंगार जसा तपस. रातभर ठणकस." मग जरा थांबून, "आनी भुईले टेकता येत नही."

खोलीत परतल्यावर मी फळ्यावर सेल्ससचं नाव लिहिलं. पहिल्या शतकातल्या या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं नोंदवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. पाचवं लक्षण, म्हणजे त्या अवयवाचं काम थांबणं, पुढे जोडलं गेलं. कपाशीतून उठून आलेल्या माणसाने तीच पाच लक्षणं त्याच क्रमाने सांगितली होती, आणि पाचवं तर सगळ्यात नेमकं. ज्याला निंदायला जायचं आहे त्याच्यासाठी पाय भुईला न टेकणं हेच खरं दुखणं. त्या मुलांना ही यादी पाठ करायला मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

यादी झाल्यावर कारण यावं लागतं. पाय लाल का, गरम का, फुगला का? या टप्प्यावर एकदा असं शिकवणं झालं की मी वही काढून लिहून घेतलं. अस्तराची चिठ्ठी आलेला मुलगा आमच्या साक्रीकडचाच होता, पांझरेच्या काठचा. त्या भागात फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि कुणाला किती पाणी द्यायचं ते गावाने ठरवायचं. ही व्यवस्था शेकडो वर्षं चालत आली आहे. पाणी सोडणारा तो पाटकरी. या मुलाचे आजोबा पाटकरी होते.

तो म्हणाला, "बघा, फडाला पाणी पाहिजे असा निरोप आला. पाटकरी दार उघडतो, पाट भरून वाहायला लागतो. म्हणून पाय लाल आणि गरम. आता पाटाची कड पाझरते. पाणी शेतात उतरतं, तीच सूज. पाणी बाहेर गेलं, मागे राहिलं ते दाट, म्हणून पाट मंदावतो. पाणी जोरात असतं तेव्हा काडीकचरा मधून धावतो, मंदावलं की कडेला लागतो. पांढऱ्या पेशी तशाच कडेला लागतात."

पुस्तकात याला मार्जिनेशन म्हणतात. मी अनेक वर्षं त्याची व्याख्या सांगितली होती, व्याख्येमागचा प्रवाह मुलांना दाखवला नव्हता. उपमा कुठे संपते तेही मी तिथेच सांगितलं, कारण अर्धवट पटलेली उपमा पुढे घात करते. रक्तात लाल पेशी प्रवाह मंदावल्यावर चळती करून मध्यभाग धरतात आणि पांढऱ्यांना कडेला ढकलतात, पाटात असं ढकलणारं कुणी नसतं. शिवाय कडेला लागलेली काडी तिथेच पडून राहते. न्यूट्रोफिल, म्हणजे एक प्रकारची पांढरी पेशी, अस्तराला धरतो, सुटतो, गडगडतो, पुन्हा धरतो, मग घट्ट चिकटतो आणि दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतो. "धोतराला कुसळं चिकटतात तसं," गटातली एक मुलगी म्हणाली, "पण ही कुसळं कापडाच्या आरपार जातात." 1867 साली यूलियुस कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या आतड्याच्या पातळ पडद्यावर सूक्ष्मदर्शक लावून पांढऱ्या पेशींना असंच भिंतीला लागताना आणि बाहेर पडताना पाहिलं होतं. तोवर पू नेमका कुठून येतो यावर मोठे वाद होते.

रक्त गोठण्याचा भाग आम्ही हाताने करतो. गटातल्या एकाने स्वतःचं रक्त द्यायचं, दुसऱ्याने काढायचं. चार नळ्या: एक काचेची, एक प्लास्टिकची, एक सायट्रेट घातलेली, आणि चौथी सायट्रेटचीच, जिच्यात नंतर कॅल्शियम घालायचं. काचेत रक्त लवकर थिजतं, प्लास्टिकमध्ये वेळ लावतं. सायट्रेटच्या नळीत पातळच राहतं, कारण सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं. चौथ्या नळीत कॅल्शियम पडलं की थोड्या वेळाने तेही थिजतं. कॅल्शियम म्हणजे चौथा फॅक्टर हे वाक्य पाठ करणं आणि नळी तिरकी केल्यावर रक्त न ओघळणं, यांतलं अंतर त्या मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं.

अशाच एका तासाला चोपड्याकडचा एक मुलगा नळी बराच वेळ उजेडाकडे धरून होता. वर्षभरात तो माझ्याशी एक वाक्यही बोलला नव्हता. जवळ गेले तर म्हणाला, "मॅडम, घरी बोकड कापला की रक्त ताटात धरतात. खरवसासारखं थिजतं, मग सुरीने वड्या पाडून रक्ती करतात. उशीर झाला तर वडी ताटाची कड सोडते आणि पिवळं पाणी सुटतं. नळीत पण तसंच दिसतंय. वडी आक्रसते कशी?"

मी त्याच्या हातातली नळी घेतली. गोठलेलं रक्त काचेपासून केसभर सुटलं होतं आणि त्या फटीत काविळीच्या रंगाचा थेंब उभा होता. तो सीरम. आणि वडी आक्रसते ती प्लेटलेटमुळे. फायब्रिनच्या जाळीत अडकलेल्या प्लेटलेट आपल्या आतले आकुंचनाचे धागे ओढतात, जाळी घट्ट होते, जखमेच्या दोन्ही कडा जवळ येतात. तोवर गटाने प्लेटलेटला फक्त भोक बुजवणाऱ्या बोळ्याइतकं महत्त्व दिलं होतं. ज्या मुलीकडे प्लेटलेटची चिठ्ठी होती ती घरची पक्की शाकाहारी. ताट, सुरी हे ऐकून तिने आधी नाक मुरडलं. मग तीच त्याच्याजवळ आली, "कड सोडायला किती वेळ लागतो?" आणि त्याने आईला फोन करून विचारलं. उत्तर आलं, "भाकरी करेपर्यंत."

यात मी शिकवलेलं फार थोडं होतं. तो मुलगा लहानपणापासून ते ताट बघत आला होता. कॉलेजात आल्यावर ते सांगण्यासारखं नाही असं त्याला वाटत होतं.

पावसाळ्यात या नळीला आमच्याकडे वेगळंच मोल येतं. शेतात साप निघतात. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्तावर जातं. पायाला दंश, पाय झपाट्याने सुजतो, हिरड्यांतून रक्त येतं. विष रक्त पातळ करतं, असंच बहुतेक मुलं धरून चालतात. प्रत्यक्षात उलट सुरुवात होते. घोणशीचं विष दहाव्या आणि पाचव्या फॅक्टरला थेट जागं करतं, फुरशाचं विष प्रोथ्रॉम्बिनला, म्हणजे थ्रॉम्बिनच्या निद्रिस्त रूपाला. अंगभर एकाच वेळी गोठणं सुरू होतं, ज्यातून फायब्रिन बनतं ते फायब्रिनोजेन खर्ची पडतं, आणि मग खऱ्या जखमेपाशी गोठवायला काही उरतच नाही. म्हणून रुग्णाच्या उशाशी करायची साधी चाचणी अशी: दोन मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त ओघळलं तर प्रतिविष. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल फसवतो.

नळी काचेचीच का, हे मी सांगत नाही, गटाला विचारते. उत्तर त्यांच्याच चार नळ्यांत असतं. काचेच्या पृष्ठभागावर बारावा फॅक्टर जागा होतो आणि साखळी सुरू होते. मग मी पुढचा प्रश्न टाकते: ज्याच्या रक्तात बारावा फॅक्टर नाहीच, त्याचं काय होईल? फॅक्टरवाले चौघं एकमुखाने म्हणतात, रक्तस्रावाने मरेल.

इथे मी त्यांना जॉन हेगमनबद्दल सांगते. तो अमेरिकेतला रेल्वे कामगार. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत त्याचं रक्त काचेच्या नळीत गोठेना, पण त्याला कधी जास्त रक्तस्राव झालेला नव्हता. 1955 साली रॅटनॉफ आणि कोलोपी यांनी त्याच्यावरून एका नव्या फॅक्टरचा अभाव नोंदवला. तो बारावा फॅक्टर, आजही त्याला हेगमन फॅक्टर म्हणतात. शरीरात गोठणं सुरू होतं ते फाटलेल्या ऊतींतल्या टिश्यू फॅक्टरने. बाराव्यावाचून तिथे फारसं अडत नाही. बारावा जागा झाला की दुसरं एक काम मात्र करतो: तो ब्रॅडिकायनिनची वाट उघडतो, आणि ब्रॅडिकायनिन म्हणजे वेदना आणि पाझरणाऱ्या वाहिन्या. म्हणजे दाह. रासायनिक निरोपांची चिठ्ठी आलेली मुलं इथे ताडकन उठतात, कारण फॅक्टरवाल्यांच्या तक्त्यातला सगळ्यात वरचा माणूस आपल्याही यादीत आहे हे त्यांना दिसतं. मग एकापाठोपाठ एक दुवे निघतात. थ्रॉम्बिन अस्तराच्या पेशींनाही चेतवतं. दाहात पेटलेल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी टिश्यू फॅक्टर बाहेर काढतात. खोलीत अर्धा तास नुसता गलका असतो आणि मी गप्प बसते.

हेगमनचा शेवट मी सगळ्यांत शेवटी सांगते. 1968 साली एका अपघातात त्याचं कंबरेचं हाड मोडलं, आणि पुढे फुप्फुसात अडकलेल्या गुठळीने तो गेला. ज्याचं रक्त नळीत गोठत नव्हतं त्याला गुठळीने मृत्यू आला. मागच्या वर्षी हे ऐकून भुसावळची एक मुलगी, जिचे वडील रेल्वेच्या यार्डात काम करतात, बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "मॅडम, हाड मोडल्यावर गुठळी का झाली? कुणाच्या लक्षात नाही आलं?"

तिला काय सांगू, असं मला झालं. कारण तो प्रश्न मला वीसहून जास्त वर्षं चिकटलेला आहे.

मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीला गावी आले. आमच्या फुईची, म्हणजे आत्याची, नडगी मोडली होती आणि दीड महिना पाय प्लास्टरमध्ये होता. मी आले त्याच आठवड्यात प्लास्टर निघालं होतं. तिने ओट्यावर बसून लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं आणि म्हणाली, "डॉक्टरीन, देख बरं." पोटरी फुगली होती, गरम लागत होती. मी अंगठ्याने दाबलं, खड्डा पडला. सगळं घर माझ्याभोवती उभं होतं. मी म्हटलं, सूज आहे, प्लास्टर निघाल्यावर येतेच, गरम पाण्याने शेका. वहिनीने तिळाचं तेल कोमट करून रोज पोटरी चोळली. मी तिथेच बसलेली असायची.

चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीकडे जाताना फुई भिंतीला धरून थांबली. "दम लागी राह्यना," एवढं म्हणाली आणि खाली बसली. जीप तालुक्याला पोहोचायच्या आत ती गेली. शवविच्छेदन झालं नाही, म्हणून मी शपथेवर काही सांगू शकत नाही. पण सहा आठवडे न हललेल्या पायाची पोटरी एकाएकी सुजते, ती चोळली जाते, आणि चार दिवसांनी माणूस दम लागून कोसळतं, हे कुठलं दुखणं ते आता माझा कुठलाही विद्यार्थी सांगेल.

त्याच सहामाहीत मी विर्शो या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाची त्रयी लिहिली होती. गुठळी व्हायला तीन गोष्टी लागतात: प्रवाह मंदावणं, वाहिनीच्या भिंतीला इजा, आणि रक्ताचा गोठण्याकडे वाढलेला कल. दहापैकी आठ मार्क. फुईच्या पायात तिन्ही गोष्टी होत्या. मला दाह येत होता, मला गुठळीही येत होती. पण ती दोन प्रकरणं होती, आणि ओट्यावरच्या त्या पायावर कुठल्याच प्रकरणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. मी सूज पाहिली आणि मला पहिलं प्रकरण आठवलं.

मागच्या वर्षी मी हे पहिल्यांदा मुलांना सांगितलं. आवाज स्थिर राहिला नाही. भुसावळच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे सरकवली.

म्हणून आता चिठ्ठ्यांचा खेळ संपल्यावर प्रत्येक गटाला दोन पाय मिळतात. कागदावर दोन माणसं, दोघांचाही एकेक पाय सुजलेला. एकाच्या बोटांच्या बेचक्यात चीर, अंगात ताप, लालीची कड पसरत चाललेली. दुसरी बाई नुकतीच प्लास्टरमधून मोकळी झालेली, जखम नाही, पोटरी आतून दुखते. यातलं दाहाचं दुखणं कुठलं आणि गुठळीचं कुठलं, आणि आज रात्री आधी कुणाला हलवायचं? सोपं वाटतं, पण ते सोपं नाही. गुठळीचा पायही लाल आणि गरम असू शकतो. मुलं डी-डायमर ही रक्ताची चाचणी मागतात, तेव्हा गटातच कुणीतरी म्हणतं की फायब्रिन तुटलं की डी-डायमर वाढतो आणि दाहातही फायब्रिन बनतं नि तुटतं, म्हणजे तो वाढलेला आला तर दोन्ही पायांना तेच उत्तर. शेवटी शिरेच्या डॉपलर सोनोग्राफीपर्यंत ती स्वतः पोहोचतात. मग मी विचारते, सोनोग्राफीचं मशीन साठ किलोमीटरवर आहे आणि बाहेर पाऊस आहे, तोवर काय कराल? यावर खरी भांडणं होतात. त्या भांडणांत एक वाक्य दरवर्षी कुणीतरी बोलतंच, आणि मी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते: पोटरी चोळायची नाही.

सगळे गट जमतात असं नाही. मागच्या एका तुकडीत दोन मुलांचं आपसात पटत नव्हतं, तो गट शेवटपर्यंत तुटकच राहिला आणि त्यांच्या तुकड्यांचा धडा झाला नाही. एका लेक्चरात उरकणाऱ्या विषयाला मला चार तास लागतात, आणि ते मला दुसऱ्या विषयांकडून मागून घ्यावे लागतात. परीक्षेत अजूनही तक्ताच विचारला जातो. तो मी पाठ करवूनही घेते.

गेल्या श्रावणात फॅक्टर सहाचा प्रश्न विचारणारी ती शहाद्याची मुलगी भेटली. आता ती इंटर्न आहे. आमच्या मजल्यावर नमुने द्यायला आली होती, अ‍ॅप्रनच्या खिशातून शिंप्याचा पिवळा टेप लोंबत होता. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "मॅडम, आग्रा रोडवर दहा रुपयांना मिळाला." गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा, तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असला तर गुठळीचा संशय वाढतो, हे तिने गटात असताना वाचलं होतं.

मी तिच्याबरोबर वॉर्डात गेले. खुब्याच्या ऑपरेशनची एक आजी होती, नवव्या दिवसाची. मुलीने तिच्या दोन्ही पायांवर पेनाने खूण केली, टेप गुंडाळला, आकडा हातावर लिहिला. आजीने विचारलं, "माय, मना झगा शिवस का?" मुलगी हसली आणि तिने पुन्हा एकदा मोजलं, कारण पहिल्यांदा टेप जरा सैल बसला होता.